आतां या वयांत काय सोडायची ?

जुन्नर आणि आंबेगांव या दोन तालुक्यांतील घरांत एक वाक्य मीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, तें म्हणींच्या पुस्तकांत अद्याप कसें गेलें नाहीं याचें मला नवल वाटतें. तें वाक्य असें : "आतां या वयांत काय सोडायची ? ओढूं द्या त्यांना." वडील साठीच्या पुढें गेलेले असतात. ओट्यावर बसून त्यांनीं विडी शिलगावलेली असते. मुलगा सणासाठीं मुंबईहून किंवा पुण्याहून आलेला असतो. सुनेनें अगर नातीनें त्यांच्या खोकल्याबद्दल कांहीं बोलावें आणि मुलानें हें वाक्य उच्चारून विषय मिटवावा, असा हा ठरलेला क्रम आहे. कित्येकदां तर त्या मुलाच्याच पिशवींतून वडिलांसाठीं विड्यांचीं चार बंडलें निघतात.

या वाक्यांत माया आहे, हें मी नाकारीत नाहीं. आमच्या दोन्ही तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबांचा एक पाय गांवांत आणि एक मुंबईंत असतो. कोणी माथाडी, कोणी डबेवाला, कोणी भाजीच्या बाजारांत, आणि अलीकडे कचेऱ्यांतून व कारखान्यांतूनही. वर्षांतून चार वेळां घरीं येणाऱ्या मुलानें बापाचें एवढेंसें सुख कां हिरावून घ्यावें, असें त्याला वाटलें तर तें स्वाभाविक आहे. परंतु या मायेच्या पोटांत एक हिशेब गृहीत धरलेला असतो : नुकसान व्हावयाचें तें होऊन गेलें, आतां सोडून पदरांत कांहीं पडणार नाहीं. तो हिशेब चुकीचा आहे, आणि आज मला बोलावयाचें आहे तें त्या हिशेबाविषयीं.

मी डॉक्टर नाहीं. मॅट्रिकपुरतें शिकलेला आणि मुलांना गणित व इतिहास शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहें. तेव्हां शरीराविषयीं मी जें सांगेन तें वाचून समजून घेतलेलें आहे, इतकेंच समजावें. हिशेब मात्र माझ्या प्रांतांतला आहे.

रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोन इंग्रज संशोधकांनीं १९५० सालीं फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांचा संबंध दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. त्या निबंधाचें काम चालूं असतांनाच डॉल यांनीं स्वतःची सिगारेट टाकली. पुढें ते ब्याण्णव वर्षांचे होऊन २००५ सालीं वारले. १९५१ सालीं या दोघांनीं ब्रिटनमधील डॉक्टरांनाच पत्रें पाठवून त्यांच्या संवयी विचारल्या. चौतीस हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांनीं उत्तरें दिलीं, आणि कोण केव्हां व कशानें मरतो याची नोंद पुढें पन्नास वर्षें ठेवण्यांत आली. त्या पन्नास वर्षांची गोळाबेरीज २००४ सालीं प्रसिद्ध झाली. जन्मभर सिगारेट ओढणारा मनुष्य न ओढणाऱ्याच्या मानानें सरासरी दहा वर्षें आधीं मरतो, हा तिचा एक भाग. दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तिसाव्या वर्षीं सोडली तर तीं दहाही वर्षें जवळजवळ परत मिळतात. चाळिसाव्या वर्षीं सोडली तर नऊ, पन्नासाव्या वर्षीं सहा आणि साठाव्या वर्षीं सोडली तरी सुमारें तीन.

साठाव्या वर्षीं तीन ! ज्या वयांत आपण "उरलें काय" असें म्हणतों, त्या वयांत तीन वर्षें. शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर तीन खरीप आणि तीन रब्बी. दहावींत असलेल्या नातीचें कॉलेज सुरूं झालेलें पाहावयास तेवढीं पुरतात. हे आंकडे सरासरीचे आहेत, हें मी जाणतों. सरासरी म्हणजे कोणा एकाला दिलेलें वचन नव्हे. परंतु कांदा लावतांनाही आपण सरासरीवरच विसंबतों. भावाचें वचन आपल्याला कोणी दिलेलें नसतें.

यावर घरांतून लगेच उत्तर येतें कीं, ते इंग्रज डॉक्टर सिगारेट ओढीत होते, आमचे बाबा साधी विडी ओढतात. ती पानाची असते, तिच्यांत कागद नसतो. हा समज शहरांतल्या सुशिक्षित माणसांतही मीं पाहिला आहे, म्हणून त्याविषयीं थोडें सविस्तर बोलतों. विडीचें पान टेंभुर्णीचें. तिच्यांत तंबाखू सिगारेटीच्या मानानें फार थोडी असते, हें खरें. परंतु टेंभुर्णीच्या पानांतून सिगारेटीच्या कागदांतून जाते तशी हवा सहज जात नाहीं. त्यामुळें विडी सारखी विझूं पाहते, आणि ती पेटती ठेवावयाची तर झुरके वारंवार व जोरानें ओढावे लागतात. विडी ओढणाऱ्याचे गाल कसे आंत जातात हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला हें निराळें सांगावयास नको. परिणामीं निकोटीन, डांबरासारखा चिकट मळ आणि बंद खोलींतल्या कोळशाच्या शेगडीनें माणसें मरतात तो विषारी वायु, हीं तिन्ही त्याच्या छातींत सिगारेटीइतकीं किंवा तिच्याहूनही अधिक जातात. तो वायु रक्ताला प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे रक्त वाहत असतें, पण त्यांतल्या कांहीं गाड्या भलताच माल भरून धांवत असतात.

आपल्या देशांतला हिशेबही झालेला आहे. भारतांतील अकरा लाख घरांतून मृत्यूंची माहिती जमवून केलेला एक मोठा अभ्यास २००८ सालीं प्रसिद्ध झाला. विडी ओढणाऱ्या पुरुषाचें आयुष्य सरासरी सहा वर्षांनीं, विडी ओढणाऱ्या स्त्रीचें आठ वर्षांनीं आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचें दहा वर्षांनीं कमी होतें, असें त्यांत दिसून आलें. विडी ओढणाऱ्या पुरुषाला क्षयानें मृत्यु येण्याचा धोका न ओढणाऱ्याच्या दुपटीहून अधिक, हें त्यांतलेंच. आणि "मी दिवसाला पांचच ओढतों" असें सांगणाऱ्यांसाठीं आणखी एक : दिवसाला एक ते सात इतक्या थोड्या विड्या ओढणाऱ्यांतही मृत्यूचा धोका सुमारें पाव हिश्शानें वाढलेला आढळला.

विडीचा विषय निघाला म्हणजे ती वळणाऱ्या बायांचा विसर पडूं नये. आमच्या तालुक्याला लागून असलेल्या संगमनेर व अकोले तालुक्यांत, तसेंच सिन्नरकडे, हा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. मांडीवर सूप घेऊन बाया दिवसभर विड्या वळतात, मजुरी हजारावर मिळते, आणि तंबाखूची धूळ नाकातोंडांत जाते ती त्यांच्या व शेजारीं झोपलेल्या पोरांच्या. विडी बंद झाली तर यांनीं खावें काय, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचें उत्तर सरकारनें दिलें पाहिजे. पण त्यांची चूल पेटावी म्हणून आपल्या वडिलांनीं खोकत राहावें, हें उत्तर मला पटत नाहीं.

दुसरा आक्षेप परंपरेचा. चिलीम-तंबाखू आपल्याकडे पूर्वापार आहे, असें लोक मोठ्या विश्वासानें सांगतात. येथें मला इतिहासाच्या तासाला गेल्यासारखें वाटतें. जुन्नरहून कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटांत सातवाहन राणी नागनिका हिचा शिलालेख आहे. तिनें यज्ञांत दिलेल्या दानांची त्यांत लांबलचक यादी आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापण, गांवें. तंबाखू अर्थातच नाहीं, कारण ती वनस्पति अमेरिकेंतली. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज गलबतांतून ती इकडे आली. अकबराचा सरदार असद बेग यानें १६०४ च्या सुमारास विजापुराहून तंबाखू आणि रत्नजडित हुक्का नेऊन बादशहापुढें ठेवला, तेव्हां आग्र्याच्या दरबारांत ती अपूर्वाईची वस्तु होती. बादशहाच्या वैद्यानें तेथल्या तेथें हरकतही घेतली होती. जहांगिरानें १६१७ सालीं तिच्यावर बंदी घातली. म्हणजे १६३० सालीं शिवनेरीवर शिवराय जन्मले, त्या वेळीं ही "पूर्वापार" संवय या देशांत फार तर तीन-चार पिढ्यांची होती. आळ्याला ज्या रेड्याची समाधि आपण भक्तीनें पाहतों, त्या रेड्याच्या मुखीं वेद वदविणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या काळीं तंबाखू हा शब्दही या भूमीला ठाऊक नव्हता.

आतां स्त्रियांकडे वळतों, कारण घरांतल्या पुरुषाची विडी सर्वांना दिसते आणि बाईची मिश्री कोणाला दिसत नाहीं. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून ती दांतांना लावावयाची. सकाळीं एकदां, मग दुपारीं, मग रात्रीं. तिला व्यसन म्हणत नाहींत, "दांत घासणें" म्हणतात. टाटा स्मारक रुग्णालयाशीं संबंधित असलेल्या संघवी, राव व खानोलकर यांनीं तोंडाचा व घशाचा कर्करोग आणि तंबाखू यांचा संबंध १९५५ सालींच दाखवून दिला होता. पुढें आपल्याच पुणें जिल्ह्यांत खेडोपाडीं जाऊन एक लाखाहून अधिक ग्रामस्थांचीं तोंडें तपासण्यांत आलीं. तो अहवाल १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. त्या पाहणींत दर पांच स्त्रियांमागें सुमारें दोन मिश्री लावणाऱ्या निघाल्या. मुंबईंतल्या गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ सालीं प्रसिद्ध झाला. तोंडांत तंबाखू ठेवणाऱ्या स्त्रियांचीं मुलें जन्मतः सरासरी शंभरावर ग्रॅम हलकीं भरलीं, आणि त्यांतल्या बहुतेक स्त्रिया मिश्रीच लावणाऱ्या होत्या. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांत धूम्रपान करणारे शेंकडा चारांहूनही कमी आढळले, याचा आपण अभिमान मिरवतों. त्याच पाहणींत तंबाखू तोंडांत धरणारे शेंकडा चोवीसांवर होते, हें सांगण्याचें मात्र राहून जातें.

एका समजुतीनें आमच्याकडे फार घात केला आहे. पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यांत, आपटाळ्यापासून भीमाशंकरपर्यंत, पाऊस चार महिने कोसळतो. घरांत चुलीचा धूर, बाहेर धुकें आणि ओल. तिकडे विडी ही थंडीवरचें औषध म्हणून ओढली जाते, आणि तिच्यामुळें आलेला खोकला थंडीचा म्हणून सोसला जातो. सकाळीं उठल्याबरोबर येणारी उबळ, वर्षांतून तीन-तीन महिने पडणारा कफ, चढाला लागणारी धाप, हें वयोमान नव्हे. श्वासनळ्या सुजून अरुंद झाल्याचीं आणि फुप्फुसांतल्या बारीक पिशव्या फाटत चालल्याचीं तीं चिन्हें आहेत. फाटलेल्या पिशव्या पुन्हां शिवल्या जात नाहींत; पण विडी थांबली म्हणजे पुढची झीज मंदावते. घरांतल्या वृद्धासाठीं हाच मोठा लाभ आहे. श्वासाची जी शिल्लक आज आहे, ती पुष्कळ अंशीं टिकते.

बाकीचे लाभ वयाची वाट पाहत नाहींत. शेवटची विडी विझल्यावर वीस मिनिटांत नाडी उतरूं लागते. अर्ध्या दिवसांत रक्तांतला तो कोळशाचा वायु नेहमींच्या पातळीवर येतो. कांहीं आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारतें आणि पुढच्या कांहीं महिन्यांत खोकला व धाप कमी होत जाते. एका वर्षानें हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारें निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कर्करोगानें मरण्याचा धोका निम्म्यावर यावयास मात्र दहा वर्षें लागतात. शरीर इतकें क्षमाशील असेल असें मला वाचण्यापूर्वीं वाटलें नव्हतें.

सोडणें सोपें आहे असें मी म्हणणार नाहीं. निकोटीन झुरक्याबरोबर कांहीं सेकंदांत मेंदूला पोंचतें आणि मेंदू त्याची मागणी करूं लागतो. विडी ओढल्यावर जें बरें वाटतें, तें बहुतेक वेळां मागची विडी संपल्यामुळें वाईट वाटत होतें तें थांबल्याचें सुख असतें. जोडा चावतो म्हणून काढल्यावर वाटतें, त्या जातीचें. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, भलत्या वेळीं भूक. घरच्यांनीं हे दिवस ओळखून असावें. "याच्यापेक्षां ओढत होतात तेंच बरें होतें," असें वाक्य याच दिवसांत घराघरांतून बाहेर पडतें, आणि तें पुष्कळांना पुन्हां दुकानापर्यंत नेऊन सोडतें.

माझा शाळासोबती घोड नदीच्या कांठीं कांदा करतो. त्याचें नांव सांगत नाहीं. त्याला तें आवडणार नाहीं. चाळिसाहून अधिक वर्षें दिवसाला दोन बंडलें हा त्याचा शिरस्ता. गळ्यांत तुळशीची माळ. त्याची विडी मीं व्याख्यान देऊन सोडविली, असें सांगावयास मला आवडलें असतें. पण ती त्याच्याच एका प्रश्नानें सुटली. तो म्हणाला, "मास्तर, माळ घातली त्या दिवशीं मटण सुटलें, पुन्हां आठवणही झाली नाहीं. मग ही कां नाहीं सुटली ? मला कोणी सोड म्हणालेंच नाहीं म्हणून ?" मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. आमच्या गांवांतून माळकऱ्याच्या हातीं विडी दिसली तर कोणाच्या कपाळाला आठी पडत नाहीं. अंडें दिसलें तर पडते. व्रत पाळण्याचें बळ आमच्या माणसांत भरपूर आहे. तें या कामीं कोणी मागितलेलें नाहीं.

त्यानें आषाढी एकादशीला विडी ठेवली, त्रेसष्टाव्या वर्षीं. उपवास तर होताच. खिशांत विडीच्या जागीं बाळहिरड्याचे तुकडे ठेवले. आमच्या डोंगरांत हिरडा मुबलक; खोकल्यावर तो चघळण्याची रीतही जुनी. विडीची तल्लफ त्यानें जाते असा माझा दावा नाहीं, पण हाताला आणि तोंडाला काम मिळालें. तल्लफ उठली कीं चार-पांच मिनिटें दुसऱ्या कशांत तरी काढावयाचीं, एवढेंच त्यानें धोरण ठेवलें. कारण ती लाट तेवढ्यांत ओसरते, हें त्याच्या ध्यानांत आलें होतें. मंचरच्या बाजारांत लिलावाची वाट पाहत बसलें असतां चोहोंकडून हात पुढें येत, तेव्हां तो उठून दुसऱ्याच्या ढिगाचा कांदा पाहावयास जाई. दोन महिने असे गेले, आणि एका नातलगाच्या दशक्रियेला नदीच्या घाटावर त्यानें दोन विड्या ओढल्या. ज्यांनीं आमच्याकडचा दशक्रिया विधि पाहिला आहे, त्यांना हें समजेल. चारशें माणसें वाळूंत बसलेलीं, प्रवचन चाललेलें, आणि रांगेंतून विडी-काडी फिरत असलेली. तेथें "नको" म्हणणें म्हणजे माणूस तोडण्यासारखें वाटतें. दुसऱ्या दिवशीं त्यानें पुन्हां सोडली. एकदां मोडली म्हणजे संपलें असें त्यानें मानलें नाहीं, हें मला त्याचें सर्वांत मोठें शहाणपण वाटतें. बहुतेकांची पहिल्या खेपेला सुटत नाहीं.

ज्यांना स्वतःच्या बळावर जमत नाहीं, त्यांनीं लाजण्याचें कारण नाहीं. डॉक्टरांच्या सल्ल्यानें घेण्याचीं औषधें व निकोटीनच्या चघळण्याच्या गोळ्या आतां मिळतात. केंद्र सरकारचा १८००-११-२३५६ हा दूरध्वनि आहे. त्याला पैसे पडत नाहींत आणि मराठींतही बोलतां येतें. शहरांतल्या मुलांनीं तो क्रमांक वडिलांच्या मोबाइलमध्यें घालून ठेवावा आणि पहिला फोन स्वतः लावून द्यावा. गांवाकडे येतांना पिशवींत बंडलें आणूं नयेत. ओट्यावरून नातवाला "जा रे, दोन बंडलें घेऊन ये" अशी आज्ञा सुटते, ती तर आधीं बंद व्हावी. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणें २००३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. दुकानदार दोषी ठरतोच, पण पाठविणाऱ्याला आपण काय म्हणावयाचें? वर्गांत माझ्यासमोर बसलेल्या कित्येक मुलांना त्यांच्या पहिल्या विडीची ओळख अशीच, घरच्या कामांतून झालेली मीं पाहिली आहे.

माझ्या त्या सोबत्याला विडी सोडून आतां दोन वर्षें होत आलीं. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर पूर्वीं तो अर्ध्यांतून परत फिरत असे. यंदा दोनदां बसून वर पोंचला. खोकला अजून आहे, पण रात्रीं झोप लागते. त्याच्या पत्नीनें मात्र त्याला मोठ्या पेचांत टाकलें. ती म्हणाली, "तुमची सुटली, आतां माझ्या डबीकडे कशाला बघतां ?" तिची मिश्री पन्नास वर्षांची. या एकादशीपासून तिनें दुपारची एक खेप बंद केली आहे, असें तो परवां सांगत होता. सकाळच्या खेपेबद्दल बोलणें अद्याप चालूं आहे.